लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून, १८६९ - २६ सप्टेंबर, १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रनिर्माते आणि किर्लोस्करवाडी या उद्योगनगरीचे संस्थापक होत. बेळगावातील सायकलच्या दुकानापासून आरंभ झालेल्या किर्लोस्कर उद्योगसमूहाचे ते जनक मानले जातात. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक, पंप अशा शेतीच्या अवजारांचे उत्पादन त्यांनी या देशात यशस्वी करून दाखविले. कारखान्याची इमारत, यंत्रे आणि रोकड यांपलीकडे उद्योगाची खरी पुंजी त्याच्या घडणीत, म्हणजे शिकलेल्या हातांत, लागलेल्या शिस्तीत आणि गिऱ्हाइकाच्या विश्वासात असते, या विचाराचे एक ठळक उदाहरण म्हणूनही त्यांच्या चरित्राकडे पाहता येते. अर्थशास्त्रात या पुंजीला संघटनात्मक भांडवल असे म्हणतात.

जन्म आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. आज ते कर्नाटकात आहे. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच घराण्यातले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र पोथीपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे.

१८८५ साली चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नाही, असे लक्षात आले. अंशतः रंगांधळ्या माणसाला चित्रकार होता येणार नाही हे उघड होते. त्यांनी रंगकाम सोडले, पण रेखाटन सोडले नाही. यंत्रांची मापशीर चित्रे काढण्याचे, म्हणजे यांत्रिक आरेखनाचे शिक्षण त्यांनी पूर्ण केले. एका परीने पाहता महाराष्ट्राने एक मध्यम चित्रकार गमावला आणि एक यंत्रकार मिळविला.

मुंबईतील नोकरी

मुंबईत १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत लक्ष्मणरावांना यांत्रिक आरेखनाचे साहाय्यक अध्यापक म्हणून जागा मिळाली. शिकविण्याचे काम संपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत जात, यंत्रे चालवून पाहत, उघडून पुन्हा जोडत. यंत्रशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांचे ज्ञान कार्यशाळेतून आणि परदेशी तांत्रिक ग्रंथ-मासिकांतून आले. पुढे कारखाना चालविताना पदवीपेक्षा हाताचा गुण पाहण्याची जी दृष्टी त्यांच्या ठायी दिसते, तिचे मूळ येथे असावे.

संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले.

बेळगावचा काळ

थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा बेळगावात होते. दोघा भावांचा सायकलींचा व्यवसाय लक्ष्मणराव मुंबईत असतानाच सुरू झाला होता. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकाव्यात, शिवाय गिऱ्हाइकांना चालविण्यासही शिकवावे, अशी ती व्यवस्था होती. किर्लोस्कर ब्रदर्स ही पेढी आपली स्थापना १८८८ या वर्षापासून मोजते. ज्या रस्त्यावर हा व्यवसाय चाले त्यास आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

वस्तू विकून मोकळे न होता ती वापरायलाही शिकवायची, ही सवय सायकलीच्या दुकानातच लागली. पुढे नांगराच्या विक्रीत तिचाच उपयोग झाला.

बेळगावात स्थिरावल्यावर लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बनविले. त्यानंतर १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. त्या काळी लोखंडी नांगर विलायतेतून येत आणि ते सामान्य शेतकऱ्याला परवडत नसत. किर्लोस्करांचा नांगर स्वस्त होता, तरीही तो कोणी घेईना. लोखंडामुळे जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत दृढ होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात.

या समजुतीकडे केवळ अडाणीपणा म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करी, गावचा लोहार त्याचा फाळ शेवटी आणि बिघडला तर दोघेही हाताशी असत. बलुत्याच्या या व्यवस्थेत दुरुस्तीची हमी आपोआप मिळे. ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा नांगर मोडला तर लोहाराला तो सांधता येत नसे. ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ तुटला आणि दुसरा मिळाला नाही, तर शेतकऱ्याचे वर्ष बुडे. म्हणून शेतकऱ्याला नांगराइतकीच त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांची खात्री हवी होती. ती निर्माण करण्यात ही वर्षे गेली. खोल काळ्या जमिनीत लोखंडी नांगराने हराळी आणि कुंदा मुळासकट निघतो, असे शेजारच्या रानात डोळ्यांनी पाहिल्यावर मागणी वाढू लागली.

याच सुमारास नवे संकट आले. नगरपालिकेच्या विस्तारयोजनेत कारखान्याची जागा गेली आणि लक्ष्मणरावांना बेळगाव सोडणे भाग पडले.

किर्लोस्करवाडीची स्थापना

औंध संस्थानच्या राजघराण्याशी लक्ष्मणरावांचा परिचय होता. औंध येथे मंडप उभारण्याचे काम त्यांनी केले होते. बेळगावची जागा गेल्याचे कळताच औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात येण्याचे सुचविले. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर पडीक जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज असा तो आधार होता.

१० मार्च, १९१० रोजी या माळावर कारखान्याचा आरंभ झाला. निवडुंगाचे रान, साप आणि पाण्याची टंचाई यांखेरीज तेथे काही नव्हते. बेळगावहून सुमारे २५ कामगार आपल्या कुटुंबांसह आले. चरित्राच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. बेळगावात कारखान्याची जी बाह्य मालमत्ता होती, तिच्यातील जागा तर गेलीच होती, आणि नव्या ठिकाणी छप्परही नव्हते. हिशेबाच्या वहीत उद्योगाची किंमत त्या दिवशी फारच थोडी भरली असती. तरीही जे २५ जण बिऱ्हाड उचलून आले, त्यांना मूस कशी भरावी, नांगराचे भाग कसे जुळवावेत आणि कोणाचे काम कोठे संपते व कोणाचे सुरू होते, हे ठाऊक होते. माळावर काही महिन्यांत कारखाना उभा राहू शकला तो या ठाऊक असण्याच्या बळावर.

माणसांची निवड

लक्ष्मणरावांभोवती जमलेली माणसे रूढ अर्थाने निवडक नव्हती. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार पाहिला. शंभोराव जांभेकर यांत्रिक बाजू सांभाळीत. के. के. कुलकर्णी हे विक्रीपासून व्यवस्थापनापर्यंत पडेल ते काम करीत. मंगेशराव रेगे कारकुनी आणि हिशेब पाहत. अनंतराव फळणीकर हे शिक्षण अर्धवट सोडलेले, पण कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले.

वसाहतीच्या राखणीचे काम लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या शिक्षा भोगून आलेल्या दोघांवर सोपविले. ज्या काळी काही जातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा अस्तित्वात होता, त्या काळी हा निर्णय साधा नव्हता. दोघांनीही विश्वास सार्थ केला. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळण्यास लक्ष्मणरावांनी मनाई केली होती आणि प्रौढांच्या शिक्षणालाही उत्तेजन दिले होते.

उद्योगवसाहतीची कल्पना त्या काळी जगात नवी नव्हती. इंग्लंडमध्ये कॅडबरी कुटुंबाचे बोर्नव्हिल आणि लिव्हर बंधूंचे पोर्ट सनलाइट ही गावे उभी राहिली होती. भारतात साकची येथे टाटांच्या पोलाद कारखान्याचे काम चालू होते. मात्र त्या मोठ्या भांडवलावरच्या वसाहती होत्या. किर्लोस्करवाडी कर्जाऊ १०,००० रुपयांवर उभी राहिली, हा फरक महत्त्वाचा आहे. अशा वसाहतींवर एक आक्षेपही घेतला जातो. मालक, घरमालक आणि गावाचा कारभारी एकच असला की कामगाराचे स्वातंत्र्य मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहते. किर्लोस्करवाडीही या आक्षेपातून सर्वस्वी सुटत नाही.

कारखान्यातील ज्ञान

बिडाच्या ओतकामाकडे पाहिले म्हणजे संघटनात्मक भांडवल या अमूर्त संज्ञेचा अर्थ उलगडतो. नांगराचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न करावा लागतो. वितळलेले बीड थिजताना शेकडा सुमारे एकाने आकसते, म्हणून पॅटर्न नेमका तेवढा मोठा घ्यावा लागतो. हे गणित पुस्तकात मिळते. पण साच्याच्या वाळूत ओल किती ठेवायची, ती किती ठोकून बसवायची आणि वायू निघून जाण्यास वाट कोठे ठेवायची, हे हाताला कळावे लागते. ओल जास्त झाली तर आत वाफ कोंडून ओतीवात पोकळ्या राहतात. कमी झाली तर साचा ढासळतो. क्युपोला भट्टीत कोक आणि लोखंड यांचे थर कसे द्यायचे, हेही अनुभवाचेच काम. त्यातच शेतकऱ्याला बदली फाळ मिळाला पाहिजे तर प्रत्येक फाळ प्रत्येक नांगराला बसला पाहिजे. त्यासाठी मापांची शिस्त एका कारागिरात असून भागत नाही. ती साऱ्या कारखान्यात असावी लागते.

एखादा कुशल कारागीर नोकरी सोडून गेला तर त्याचे कौशल्य त्याच्याबरोबर जाते. पण कामाची वाटणी, तपासणीची पद्धत, नव्या पोराला जुन्याच्या हाताखाली देण्याची रीत आणि चूक लपविण्याऐवजी सांगण्याची मुभा या गोष्टी कोणा एकाच्या नसतात. माणसे बदलली तरी त्या कारखान्यात मागे राहतात. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ज्ञान आणि संघटन हा भांडवलाचा मोठा भाग असल्याचे प्रतिपादन केले होते. पुढे १९८० साली एडवर्ड प्रेस्कॉट आणि मायकेल व्हिशर या अर्थशास्त्रज्ञांनी संघटनात्मक भांडवल या नावाने त्याची स्वतंत्र मांडणी केली. पेढीला आपल्या माणसांविषयी, त्यांच्या गुणांविषयी आणि त्यांच्या परस्पर जुळणीविषयी जी माहिती साठत जाते, ती उत्पादनाचे साधनच होय, असा त्या मांडणीचा गाभा आहे.

हिशेबशास्त्र मात्र या पुंजीची नोंद घेत नाही. उद्योगाने स्वतः कमावलेला नावलौकिक ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखविता येत नाही. तो उद्योग दुसऱ्याने विकत घेतला आणि मालमत्तेपेक्षा अधिक किंमत मोजली, तरच त्या अधिक रकमेला नावलौकिकाच्या मूल्याचे स्थान मिळते. नोंद नसली तरी वस्तुस्थिती बदलत नाही. आजच्या भिवंडी परिसरातील पूर्णा, काल्हेर येथील गोदामांचेच पाहावे. पत्र्याची शेड कोणालाही बांधता येते. आलेला माल चुकता न होता ठेवणे आणि वेळेवर बाहेर काढणे ही ज्यांना जमलेली रीत आहे, त्यांच्याकडेच व्यापारी पुन्हा जातो.

कंपनी आणि खबर

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्सचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. कुटुंबाच्या विश्वासावर चाललेला व्यवहार आता भागधारकांना उत्तर देणारा झाला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची उत्पादने, त्यांचा वापर आणि वाडीतील घडामोडी गिऱ्हाइकांपर्यंत व विक्रेत्यांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा मूळ हेतू होता. शंकरराव चित्रकार होते. कारखान्याच्या जाहिरातींनाही त्यांनी नवे वळण दिले.

खबर लवकरच कारखान्याच्या कुंपणाबाहेर गेले. त्यात सामाजिक विषय, कथा आणि वैचारिक लेख येऊ लागले, आणि पुढे ते किर्लोस्कर या नावाने मराठीतील अग्रगण्य मासिक बनले. १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही मासिके निघाली. नांगर विकण्यासाठी काढलेल्या पत्रकातून मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण देणारी तीन मासिके जन्मावीत, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक नवल आहे. उद्योगाच्या दृष्टीने त्याचे फळ असे, की ज्या घरात कधी नांगर किंवा पंप आला नाही त्या घरातही किर्लोस्कर हे नाव विश्वासाने घेतले जाऊ लागले. याची किंमत कोणत्याही वहीत मांडलेली नाही.

मंदीचा काळ आणि विस्तार

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले आणि कारखान्यात रुजू झाले. याच काळात पंपांच्या उत्पादनाकडे लक्ष वळले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि नांगराची मागणी घसरली. तेव्हा कारखान्याने लोखंडी फर्निचर बनविण्यास आरंभ केला. नांगर ओतणाऱ्यांनी खुर्च्या कराव्यात हे वरवर विसंगत वाटते. पण माप घेणे, कापणे, जोडणे आणि तपासणे यांची घडी बसलेली असल्याने वस्तू बदलणे शक्य झाले. पुढे लेथ यंत्रेही तयार होऊ लागली. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, तर १९४६ साली बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपन्या स्थापन झाल्या. त्यांची धुरा पुढच्या पिढीने वाहिली. लक्ष्मणराव दैनंदिन कारभारातून क्रमाने बाजूस झाले. वारसाला आपल्या डोळ्यांदेखत मोकळीक देणे हे संस्थापकांना क्वचित साधते.

१९४८ची जाळपोळ

३० जानेवारी, १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातील ब्राह्मण असल्याचे समजताच पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि व्यवसायांवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीही त्यातून सुटली नाही; कारखान्याला आग लावण्यात आली आणि मोठी हानी झाली. ज्या वसाहतीने तीन तपांहून अधिक काळ अस्पृश्यतेला थारा दिला नव्हता, तिच्यावर जातीच्या नावाने ही आपत्ती यावी, हा या चरित्रातील सर्वांत कडवट प्रसंग होय. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते.

कारखाना बंद करून अन्यत्र जाण्याचा मार्ग मोकळा होता. हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे समूहाचे पाय रोवलेले होते. तरीही वाडी सोडण्यात आली नाही. जळालेला कारखाना पुन्हा उभा करण्यात आला आणि उत्पादन सुरू झाले. १९१०प्रमाणेच याही वेळी छप्पर आणि भिंती पुन्हा बांधाव्या लागल्या. काम जाणणारी माणसे मात्र शून्यापासून घडवावी लागली नाहीत. परंतु दोन्ही प्रसंग सारखे मानणे चुकीचे होईल. बेळगावात केवळ जागा गेली होती. येथे आसपासच्या गावांशी जडलेल्या नात्याला तडा गेला होता, आणि तो विटांनी सांधण्यासारखा नव्हता. संघटनात्मक भांडवलाच्या बाजूने लिहिताना याचाही विसर पडू नये, की कुंपणाच्या आत जमलेला विश्वास कुंपणाबाहेर आपोआप पसरत नाही.

निधन आणि स्मृती

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर, १९५६ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून, १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शंतनुरावांच्या कॅक्टस अँड रोझेस या इंग्रजी आत्मचरित्रात वडिलांच्या आणि वाडीच्या आठवणी विस्ताराने आल्या आहेत. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते. तेथे पंपांचे उत्पादन चालू आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरील पूर्वीचे कुंडल रोड स्थानक आता किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.